मीटिंगमध्ये माझ्या शब्दाला वजन कसं येईल?

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, चौथं वर्ष चालू आहे. गाव पारोळा तालुक्यातलं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कुणी विचारू नका.

रोज सकाळी साडेनऊला प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर आणि आम्ही, अशी मीटिंग असते. दीड महिना मी एक गोष्ट वहीत टिपत होते. ११० मिमीच्या लाइनवर साइझ बदल बहुतेक वेळा शिफ्टच्या तोंडावर होतो. जाणारा ऑपरेटर लाइन चालू करून निघतो, येणारा हजेरी-चहा उरकून येतो. मधल्या वेळात डायचं, म्हणजे ज्या साच्यातून पाइप बाहेर पडतो त्याचं, सेंटरिंग कुणाचंच नसतं. पाइपची भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येते. पातळ बाजू मापात बसावी म्हणून मग एकूण जाडीच वाढवून ठेवतात. पाइप पास होतो, पण प्रत्येक मीटरला माल जास्त जातो आणि ते कुठल्याच रिजेक्शनच्या आकड्यात दिसत नाही.

मंगळवारी मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. प्लँट हेड म्हणाले, "हं, बघू." विषय मोटरच्या बेअरिंगवर गेला. शुक्रवारी प्रॉडक्शनच्या एका सीनियरनी तेच सांगितलं, जवळजवळ माझ्याच शब्दांत. "चांगला मुद्दा आहे, सोमवारपासून चालू करा." मी समोरच बसले होते.

दुसरी गोष्ट जास्त लागली. पुण्याच्या एका कॉन्ट्रॅक्टरशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून आपल्याकडचं "ट्रक निघून राहिला" असं गेलं. फोन ठेवल्यावर मला सांगितलं गेलं की यापुढे गिऱ्हाइकाशी तू बोलू नको, आपल्या कंपनीची छाप काय पडेल. घरी आले आणि जेवलेच नाही.

शहरात एक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास आहे, शनिवार-रविवार. लावू का? की आणखी काही करावं लागतं? ज्यांच्या शब्दाला ऑफिसात मान आहे त्यांनी तो कसा मिळवला, ते मनापासून जाणून घ्यायचं आहे.

कळण्याची_भाकर | सोमवार, रात्री १०:१५

ताई, मी धुळ्याहून घरूनच आयटीचं काम करतो. मीटिंग सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोलायचंच, हा नियम मी लावून घेतला आणि फरक पडला. उशीर झाला की तोंड उघडणं अवघड होत जातं.

क्लासबद्दल सांगायचं तर आमच्या कंपनीनेही एक ट्रेनर बोलावला होता. त्यांनी सांगितलं की माणसावर छाप पडते त्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. आणि मीटिंगच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहायचं, शरीरातली संप्रेरकं बदलतात म्हणे. मी करतो अजून.

पुणेकर_खान्देशी | सोमवार, रात्री ११:५०

मूळचा भडगावचा, बावीस वर्षं पुण्यात मनुष्यबळ विभागात काम करतो. असले क्लास मी स्वतः भरवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७ टक्केवाली गोष्ट आधी बाजूला करू. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड? शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, अशा वेळी भावना ओळखायला लोक कशावर विसंबतात, एवढाच तो प्रश्न होता. डायचं सेंटरिंग सांगताना शब्दांचं मोल ७ टक्के असतं असं त्यातून निघत नाही. मेहराबियन यांनी स्वतः हा खुलासा केलेला आहे. तरी वर्गावर्गात तो आकडा फिरतो आणि त्याचा तोटा नेमका आपल्या मुलांना होतो. त्यांना वाटतं आपल्याकडे मजकूर आहे पण थाट नाही, म्हणजे काहीच नाही.

ताठ उभं राहण्याचा प्रयोग २०१० चा. त्यात फक्त ४२ माणसं होती. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तो करून पाहिला, तेव्हा संप्रेरकांतला बदल सापडला नाही. पुढच्याच वर्षी मूळ प्रयोग करणाऱ्या तिघांपैकी डॅना कार्नी यांनी जाहीर लिहिलं की या परिणामावर आता आपला विश्वास नाही. भाकरभाऊ, तुम्हाला उभं राहून बरं वाटत असेल तर खुशाल राहा, पण बोरीकाठ यांनी त्यासाठी पैसे भरू नयेत.

आता उपयोगाचं. फ्रेंच आणि रेव्हन या दोघांनी १९५९ मध्ये माणसाच्या प्रभावाचे पाच आधार मांडले: पद, देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, त्या विषयातली जाण, आणि लोकांना तुमच्याबद्दल वाटणारी आपुलकी. पहिले तीन कंपनी देते आणि कंपनीच काढून घेते. तुमच्याकडे आज चौथा आधार आहे, तो दीड महिन्याच्या वहीत पडून आहे. प्लँट हेडपर्यंत तो पोचलेला नाही.

एक विचारतो. मंगळवारी तुम्ही बोललात, त्याआधी प्लँट हेडना या गोष्टीची काही कल्पना होती का? मला वाटतं नव्हती. साडेनऊच्या मीटिंगला ज्याच्या डोक्यात बेअरिंग फिरतंय तो माणूस पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीवर "बघू" सोडून दुसरं काही म्हणत नाही. शुक्रवारी त्यांनी ती दुसऱ्यांदा ऐकली. त्या सीनियरच्या शब्दाला जे वजन आलं, त्यातलं थोडं तुमच्या मंगळवारच्या बोलण्याचं होतं. महत्त्वाचा मुद्दा मीटिंगच्या आधी, एकेकट्याला, पाच मिनिटांत सांगून ठेवायचा. मेंटेनन्सवाल्याला सांगायचा, कारण अडचण तोच काढणार. मीटिंगमध्ये त्यावर फक्त शिक्का बसतो.

पाटणादेवी | मंगळवार, सकाळी ७:०५

मला हे पटत नाही. आधी जाऊन कानात सांगायचं, मग मीटिंगमध्ये माना डोलवून घ्यायच्या, याला आमच्याकडे लावालावी म्हणतात. मी चाळीसगावात सूतगिरणीत मशीनवर तीस वर्षं काढली. काम नीट केलं की चार वर्षांनी का होईना, माणसाला ओळखतातच. पोरी, तू तुझं माप बरोबर घेत राहा. श्रेय कुणी घेतलं तर घेऊ दे, पाइप तर सुधारला ना?

गिरणामाय | मंगळवार, दुपारी २:३०

पाटणादेवी दादा, तुमचा मान राखून विरोध करते. चार वर्षांनी ओळखतात ते ज्याच्याकडे बघायची सवय असते त्याला. आमच्याकडे बघायची सवय नसते.

मी धुळे जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. माझ्या हाताखालचा मुलगा नवा लागला, पहिल्या दिवसापासून तो 'साहेब'. मी अकरा वर्षांनीही 'ताई'. शेतकऱ्यांनी ताई म्हटलेलं मला आवडतं, त्या शब्दावर खरिपाच्या पीककर्जाचे निम्मे कागद वेळेत येतात. पण मासिक बैठकीत चहाचा ट्रे आला की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या. एकदा मी कप वाटत होते तेवढ्यात माझ्याच गावांच्या थकबाकीवर निर्णय होऊन गेला. कुणी मुद्दाम केलं नाही. मी तिथे नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शाखाधिकाऱ्यांना एकट्यात भेटले. म्हटलं, "साहेब, चहा येतो तेव्हाच माझा तक्ता निघतो. कप वाटायचं शिपाईदादांना सांगाल का?" ते ओशाळले, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून बंद.

मग मी एक काम मागून घेतलं, बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. कुणालाच नको असतं ते. मी मुद्दा लिहायचे, कुणी मांडला त्याचं नाव लिहायचे, कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत ते लिहायचे. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांना मेल. माझं नाव जिथे होतं तिथे आलं, दुसऱ्यांचंही आलं. कॅश काउंटरवरच्या एका मावशींनी पेन्शनच्या रांगेसाठी फार चांगली सूचना केली होती, त्यांचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं तेव्हा त्यांनी त्याची प्रिंट घरी नेली. तीन-चार महिन्यांत असं झालं की काही ठरवायचं असलं की लोक मला विचारू लागले, "मागच्या वेळी काय ठरलं होतं?" उत्तर माझ्याकडे असायचं.

बोरीकाठ, तुमच्या मीटिंगचं इतिवृत्त कोण लिहितं? कुणीच नसेल तर उद्याच मागा.

तापीलाइन | मंगळवार, रात्री ८:२०

मी पश्चिम रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं जळगाव–उधना मार्गावर काढली, तेव्हा तो एकेरी होता. 'शब्दाला वजन' हे वाचून एक माणूस डोळ्यांपुढे आला, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या स्टेशनच्या हद्दीत एक फाटक होतं, सिग्नलला न जोडलेलं. अशा फाटकाची पद्धत अशी की गाडी सोडण्याआधी मास्तर गेटमनला फोन करतो, गेटमन फाटक बंद करून कुलूप लावतो आणि प्रायव्हेट नंबर देतो. छापील तक्त्यातला दोन आकडी नंबर, एकदा वापरला की खोडायचा. तो मी वहीत लिहिला की मगच गाडी सोडायची. म्हणजे हजारभर प्रवासी त्या एका माणसाच्या शब्दावर पुढे जातात. पदाने तो आमच्यात सगळ्यात खाली.

एकदा लग्नसराईत कंट्रोलरचा मला तगादा, गाडी उभी का. मी गेटमनला म्हटलं, नंबर दे. तो म्हणाला, "साहेब, बैलगाडीचं चाक रुळात अडकलंय, नंबर देत नाही." मी आवाज चढवला. तो त्याच सुरात म्हणाला, "चाक निघालं की देतो." गाडी सहा मिनिटं उशिरा गेली. मला लेखी खुलासा द्यावा लागला, मी तो दिला आणि त्याचं नाव घेऊन लिहिलं की त्याने बरोबर केलं.

यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबरातल्या पहाटे त्याचा फोन आला. मालगाडी गेली तेव्हा रुळाचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणाला. थंडीत रूळ आकसतात आणि तडकतात, हे आम्हाला ठाऊक असतं. पण 'वाटला' एवढ्यावर पुढची गाडी कोण थांबवेल? मी थांबवली. एका सेकंदाचाही विचार केला नाही. पीडब्ल्यूआयची, म्हणजे रुळांची देखभाल बघणारी माणसं गेली, रूळ तडकलेला निघाला.

त्याला भाषण येत नव्हतं. खाली मान घालून बोलायचा. पण फाटक बंद नसताना त्याने कधीच नंबर दिला नव्हता, आणि हे मला माहीत होतं.

ताई, तुमच्या सहीने किती पाइप पास होतात? त्यात एकदाही 'चालून जाईल' म्हणून सही गेली असेल तर आधी ती थांबवा.

बोरीकाठ | मंगळवार, रात्री ११:१०

तापीलाइन काका, तुमचं दोनदा वाचलं. खरं सांगते, महिनाअखेरीला दोनदा तशी सही गेली आहे. मनात राहिलं होतं, आज लिहून टाकलं. यापुढे जाणार नाही.

इतिवृत्त कुणीच लिहीत नाही. उद्या विचारते. पण ज्यांनी माझा मुद्दा घेतला त्यांच्याशी बोलावं का? रोज तोंड बघायचं आहे. आणि भाषेचं कुणीच लिहिलं नाही अजून. 'निघून राहिला' मी किती जरी सांभाळलं तरी घाईत तोंडातून जातंच.

सातपुड्याची_वाट | बुधवार, दुपारी ४:४५

भाषेचं मी लिहिते. नंदुरबार जिल्ह्यात वर डोंगरात एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका आहे. पाड्यांवर पावरी आणि भिली. मी सपाटीवरची, माझी अहिराणी. पहिल्या वर्षी बाया माझ्यासमोर नुसत्या मान हलवायच्या. पावरी शिकले तेव्हा कळलं की मान हलवणं म्हणजे हो नव्हतं, 'ही बाई आता जाऊ दे' असं होतं.

तेव्हा आढावा बैठकीत माझी रीत काय होती? उभं राहायचं, आकडा सांगायचा, का कमी म्हणून ऐकून घ्यायचं, बसायचं. "सात बाळं लसीची राहिली." आणि मला बोलणं बसायचं की ही पाड्यांवर फिरत नाही. एका वर्षी मी वाक्य बदललं. उभी राहून म्हटलं, "सात बाळं आईबापांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली आहेत. भोंगऱ्या बाजाराला, होळीच्या आधी, सगळी परत येतील. त्या आठवड्यात दोन पाड्यांवर जादा सत्र द्या, लसवाहक मी ठरवून ठेवलाय." बैठकीत शांतता. सत्र मिळालं. पुढच्या वर्षी बैठक सुरू होण्याआधीच मला विचारलं गेलं, होळीला कुठे लावायचं?

आकडा तोच होता. आधी मी तो खुलासा म्हणून सांगत होते, मग मी त्याच्यासोबत कारण, तारीख आणि माझी तयारी सांगितली. आणि ते कारण मला कुणी सांगितलं? पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी, पावरीत. प्रमाण मराठीत विचारलं असतं तर मान हलवली असती.

बोरीकाठताई, तुमचे ऑपरेटर कुठले आहेत? ते तुमच्याशी कुठल्या भाषेत खरं बोलतात? ते आठवा, मग 'निघून राहिला'ची लाज वाटते का बघा. पुण्याच्या फोनवर प्रमाण बोलायचं असेल तर शिका जरूर, मीही पावरी शिकलेच ना. ती आणखी एक भाषा समजा. आपली टाकून देऊ नका.

पुणेकर_खान्देशी | बुधवार, रात्री ९:३०

वरच्या पोस्टला माझं काही जोडायचं नाही, फार नेमकं लिहिलंय.

सीनियरबद्दल: बोला, पण एकट्यात आणि आठवड्याच्या आत. जुनं झालं की ते भांडण होतं. 'तुम्ही माझा मुद्दा चोरला' असं म्हणू नका. "तुम्ही शुक्रवारी मांडलंत त्याची दीड महिन्याची मोजमापं माझ्याकडे आहेत, आपण दोघं मिळून पुढे न्यायचं का?" इतकंच. तो चांगला असेल तर खजील होऊन तुमचं नाव घेईल. नसेल तर त्याला कळेल की वही तुमच्याकडे आहे.

पाटणादेवी दादा, लावालावीत दुसऱ्याच्या पाठीमागे त्याचं वाईट सांगतात. आपलं काम आधी समजावून सांगणं वेगळं.

पाटणादेवी | गुरुवार, सकाळी ६:५०

बरं. गिरणामाय यांचं चहाचं वाचून मी काल घरी सुनेला विचारलं, तुझ्या शाळेत कोण वाटतं चहा? ती म्हणाली, "मीच की." मला इतक्या वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं.

बोरीकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार

काय झालं ते सांगायला हवं, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

क्लास लावला नाही. इतिवृत्त मागितलं, लगेच मिळालं. पहिल्या दिवशी कुणी वाचलं नाही. आठव्या दिवशी स्टोअरचे साहेब म्हणाले, "माझी तारीख चुकली आहे, दुरुस्त कर." म्हणजे वाचतात.

सीनियरशी कँटीनमध्ये बोलले. पुणेकर दादांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, हात थरथरत होते. ते म्हणाले, "मला वाटलं साहेब 'बघू' म्हणाले तेव्हाच तू विषय सोडलास. काम व्हावं म्हणून मी बोललो." मला ते खरं वाटलं. त्या मंगळवारी मी खरंच लगेच गप्प बसले होते. पुढच्या मीटिंगला त्यांनी माझ्याकडे हात करून म्हटलं, "हिच्याकडे आकडे आहेत."

आकड्यांसाठी मी वेगळं काम केलं. एक-एक मीटरचे तुकडे कापून वजन केलं, लाइन सुरू होतानाचे आणि दोन तासांनंतरचे. ते तुकडे मीटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवले, वर वजन मार्करने लिहून. कुणाला काही समजावावंच लागलं नाही. प्लँट हेड दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत बसले.

आणि भाषा. सेंटरिंग का राहतं याचं पुरतं कारण मला आता कळलं. धरणगावकडचा एक ऑपरेटर म्हणाला, "ताई, डाय आजून गरम व्हयनी नही तवढामा सेंटरिंग करी काय फायदा? परत हालस." माझ्या वहीत ते नव्हतं. डाय पूर्ण तापण्याआधी सेंटरिंग केलं तर तापल्यावर पुन्हा बदलतं, म्हणून तो मुद्दाम थांबतो, आणि तेवढ्यात शिफ्ट संपते. मी त्याला आळशी समजत होते. मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन सांगितलं, इतिवृत्तातही त्याचं नाव लिहिलं. आता असं ठरलंय की साइझ बदल शिफ्ट संपण्याच्या किमान दोन तास आधी, आणि शिफ्ट सोपवताना जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांनी मिळून पाइपच्या घेराभोवती आठ ठिकाणी जाडी मोजून तक्त्यात लिहायची.

गिऱ्हाइकाच्या फोनवर मला अजून बसवत नाहीत. पण टेस्ट रिपोर्ट आता माझ्या नावाने जातात. परवा त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या इंजिनिअरने थेट मला फोन केला, रिव्हर्जन टेस्टबद्दल विचारायला. आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकाप्रमाणे तुकडा १५० अंशांत तापवून लांबीतला फरक ५ टक्क्यांच्या आत लागतो, आपला किती आला, कसा मोजला, सगळं सांगितलं. बोलण्यात एकदा 'करून राहिले' गेलं असेल. त्यांनी आकडे लिहून घेतले आणि पुढच्या लॉटचे रिपोर्ट कधी पाठवता, ते विचारलं.

आता एक अडचण. रात्रपाळीच्या एका तक्त्यात चार दिवस आठही आकडे अगदी सारखे आहेत. तसं येणं शक्यच नाही. न मोजता लिहिलेत. तो माणूस वयाने मोठा आहे, मीटिंगमध्ये नाव काढलं तर त्याची नोकरी अडचणीत येईल. नाही काढलं तर सगळा तक्ताच खोटा होतो. काय करू?

तापीलाइन | रविवार, रात्री ९:१५

रात्रपाळी सातला सुटते ना? उद्या पावणेसातला लाइनवर जा. मायक्रोमीटर हातात घ्या, त्यांना 'दादा, चला, आज आपण दोघं मोजू' म्हणा. आठही ठिकाणं त्यांच्याच हाताने मोजून घ्या आणि खाली दोघांची सही करा. परवा पुन्हा जा. मीटिंगचं नंतर बघू.

बोरीकाठ | रविवार, रात्री ९:२२

पहिली बस सहाची आहे. जाते.